मॉरिशसला ‘छोटा भारत’ बघायला जाऊ नका

प्रश्न असा आला आहे: “मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे आम्ही पाच जण सात रात्रींसाठी मॉरिशसला जायचं म्हणतोय. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात बोट, बेट, पाण्याखाली चालणं, सात रंगांची माती आणि गंगा तलाव आहे. सगळे सांगतात की तो छोटा भारतच आहे. मग एवढे पैसे घालून आपलंच आपण बघायला कशाला जायचं? आणि तिथल्या ज्या वैविध्याचं एवढं कौतुक होतं, ते नेमकं दिसतं कुठे?”

आधी कबुली देते. ‘छोटा भारत’ हे शब्द आम्ही टूरवाल्यांनीच विकून विकून गुळगुळीत केलेत. वीस-बावीस वर्षं सहली घेऊन जाते आहे. माझ्या सुरुवातीच्या माहितीपत्रकांत तेच शब्द ठळक छापलेले असायचे, कारण त्याने बुकिंग पटापट व्हायचं. परदेश, पण देवळं आपली, नावं आपली, वरणभात मिळणार, म्हणजे सासू-सासरे निर्धास्त. पण असं सांगून नेलेली माणसं तिथे दिवसभर फक्त आपलं काय आहे तेच शोधत बसतात, आणि चौथ्या दिवशी म्हणतात, “हे तर आपल्याकडेही आहे.” मग आहेच की! जे आपल्याकडे नाही ते त्यांनी बघितलेलंच नसतं.

मुलीपासून सुरुवात करू. विमानतळावर पैसे बदलाल तेव्हा नोटा तिच्या हातात द्या आणि चेहरे बघायला सांगा. पंचवीसच्या नोटेवर आ-च्वेन, चिनी वंशाचे. पन्नासवर पातुरो, फ्रेंच वंशाचे. शंभरवर सिनीवासेन, तमिळ. दोनशेवर अब्दुल रझाक मोहम्मद. पाचशेवर सुकदेव बिसुनदोयाल, बिहारी मुळाचे हिंदू. हजारावर गाएतान द्यूवाल, क्रेओल म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या समाजाचे नेते. दोन हजारांची हाती लागली तर तिच्यावर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. एवढ्याशा देशाने आपले सगळे समाज पाकिटात बसवलेत. मग तिला नोटेवरच्या लिप्या शोधायला लावा. इंग्रजी, तमिळ आणि आपली देवनागरी. क्रम लक्षात ठेवायला सांगा, कारण त्या क्रमावरून तिथे रण माजलं होतं. १९९८ साली नव्या नोटांवर देवनागरी आधी आणि तमिळ नंतर छापली गेली. तमिळ समाज भडकला. त्यांचे पूर्वज फ्रेंचांच्या काळात कारागीर म्हणून आधी आले होते, मग त्यांचं अक्षर मागे का? त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि १९९९ मध्ये जुन्या क्रमाने नव्या छापल्या. तिथलं वैविध्य हे असं आहे. सगळे गुण्यागोविंदाने नांदतात असं पोस्टकार्डावर लिहितात. प्रत्यक्षात भाऊबंदकीच्या वाड्यासारखं आहे, कुणाची खोली किती हात ते रोज मोजलं जातं, आणि तरी वाडा एकच राहतो.

तो एक का राहतो, याचं एक कारण मला वाटतं ते असं. या बेटावर मूळचा माणूस कोणीच नाही. डच १५९८ मध्ये उतरले तेव्हा तिथे डोडो होता, माणूस नव्हता. (डोडो पुढे शंभर वर्षंही टिकला नाही.) मग १७१५ मध्ये फ्रेंच आले, त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच जमीनदारांची भाषा, धर्म, कायदे तसेच राहू दिले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, पण उसाला तर हात हवेच होते. ते भारतातून आले, करारावर. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख माणसं कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून तिथे उतरली. “आम्ही इथलेच, तुम्ही बाहेरचे” असं छातीवर हात ठेवून म्हणायची सोय तिथे कुणालाच नाही.

करारावरची ही माणसं जिथे उतरली तो आप्रवासी घाट पोर्ट लुईला बंदराच्या कडेलाच आहे. २००६ पासून जागतिक वारसा. आता ऐका, इथे ग्रुप कसे फसतात. बस थांबते, लोक उतरतात, काळ्या दगडाच्या मोजक्या पायऱ्या बघतात आणि म्हणतात, “एवढंच?” माझ्या एका ग्रुपने अकरा मिनिटांत आटोपलं होतं, मी घड्याळ लावलं होतं. चूक त्यांची नव्हती, मी काही सांगितलंच नव्हतं. आता मी आधी शेजारच्या माहिती केंद्रात नेते, पायऱ्या शेवटी. माणूस उतरला की त्याला एक क्रमांक मिळायचा, कोठीत एक-दोन दिवस ठेवून मळ्यावर पाठवायचे. १८६० नंतरच्या दशकांत प्रत्येकाचा फोटोही काढू लागले. कारकुनाला नाव जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं आणि बापाचं पहिलं नाव पोरांचं आडनाव झालं. मुंबईहून गेलेल्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या माणसांची नातवंडं-पतवंडं आज ‘जी’ने संपणारी आडनावं लावतात, ती अशी. गावातला कुणी बाबाजी, राघोजी, तो तिकडे गेला आणि आडनाव होऊन बसला. ही सगळी जुनी दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. हे ऐकल्यावर त्या पायऱ्यांवर कुणी ‘एवढंच’ म्हणत नाही.

पण तेवढ्यावर थांबलात तर पुन्हा छोटा भारतच बघितलात. नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उभा काळा डोंगर आहे, ५५६ मीटरचा. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे. सांगतात की गुलामगिरी बंद झाली हे कळवायला शिपाई वर निघाले, ते पकडायलाच आले असं वाटून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही दंतकथा, पण ती क्रेओल लोकांच्या मनात खोल रुतलेली आहे. हा डोंगर २००८ मध्ये जागतिक वारसा झाला. दोन जागा, दोन वर्षांच्या अंतराने, आणि दोन्हींना सरकारी सुट्टीही आहे: १ फेब्रुवारी गुलामगिरी बंद झाली म्हणून, २ नोव्हेंबर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आले म्हणून. आपले एजंट पहिली जागा दाखवतात आणि दुसरीच्या पायथ्याशी हॉटेल विकतात. तुमच्या कार्यक्रमात सात रंगांची माती आहे ना, ते शामारेल ल मॉर्नपासून जवळच आहे. ड्रायव्हरला सांगून पायथ्याच्या सार्वजनिक किनाऱ्यावर तासभर थांबा. सासऱ्यांना चढायला लावू नका, खालूनच बघा.

भाषेचं सांगते, कारण आपली माणसं सगळ्यात जास्त तिथे अडखळतात. संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच, आणि दहातल्या आठ-नऊ घरांत बोलतात ती क्रेओल. फ्रेंच शब्द, पण चाल वेगळी, व्याकरण वेगळं. हिंदू, मुसलमान, चिनी, सगळे भांडतात आणि लाडात येतात ते याच भाषेत. एकदा माझ्या ग्रुपमधल्या एका काकांनी मराठी मुळाच्या ड्रायव्हरला जरा दटावूनच विचारलं, “मराठी ना तुम्ही? मग मराठी का बोलत नाही?” तो हसला आणि म्हणाला, “मो मराठी, मे मो पा कोझ मराठी.” मी मराठी, पण मराठी बोलत नाही. काकांना ते विसंगत वाटलं. त्याला अजिबात वाटत नव्हतं. सातासमुद्रापार दीडशे-पावणेदोनशे वर्षं काढून कुणी आपल्याशी पुण्याच्या मराठीत बोलावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली. मंडळींनी जपलं आहे ते वेगळ्या वाटेने. शाळेत मराठी हा विषय घेता येतो, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. आणि ती बहुधा आपल्याकडे गणपती बसतो त्याच्या दुसऱ्या दिवशी असते, कारण तिथला गणपती दीड दिवसाचा, विसर्जनाची सुट्टी. त्या मिरवणुकीत ‘झाकरी’ करतात. गोल करून, ठेका धरून. कोकणातली जाखडी ज्याने बघितली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या ग्रुपमधल्या गुहागरच्या एक बाई त्या गोलात शिरल्या आणि त्यांना एकही पाऊल शिकवावं लागलं नाही. गाण्याचे शब्द मात्र दोन्हीकडच्यांना अर्धेच कळत होते!

तुम्ही स्वतः ‘बोंझूर’ने सुरुवात करा. कुणी ‘की मान्येर?’ म्हणालं तर कसं काय विचारतोय, ‘कोरेक’ म्हणा. हिंदीत सुरुवात केली तर उत्तर मिळेल, पण तुम्ही गिऱ्हाईक राहाल.

आता रविवार. माझ्या मते सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, आणि एजंट नेमका याच दिवशी तुम्हाला बोटीवर चढवतो. रविवारी पोर्ट लुई जवळजवळ बंद असतं, घाटाचं केंद्रही बंद, आणि अख्खा देश किनाऱ्यावर येतो. मॉरिशसमध्ये समुद्रकिनारा कायद्याने सगळ्यांचा आहे, हॉटेलपुढचासुद्धा. पण घरची माणसं भरतात ती सार्वजनिक किनाऱ्यांवर: फ्लिक आं फ्लाक, माँ श्वाझी, बेल मार. आपल्या कोकणासारखीच सुरूची झाडं, त्यांच्या सावलीत चादरी, आणि चादरींवर अक्षरशः पातेली. टिफिन नाही, पातेली. एका चादरीवर बिर्याणी, दुसरीवर नूडल्स, तिसरीवर पुऱ्या आणि बटाटा, आणि पोरं तिन्हीकडे खाऊन पाण्यात. दुपार कलली की कुणीतरी रावान काढतो. बकऱ्याच्या कातड्याचा मोठा गोल डफ. तो आधी वाळकी पानं पेटवून त्या जाळावर शेकतात, कातडं ताणलं जाईपर्यंत. बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा शेकतात. आणि मग सेगा सुरू होतो. गुलामांचं गाणं आणि नाच. पाय वाळूतून उचलायचे नाहीत, घासत न्यायचे, कंबर वरून हलते. २०१४ मध्ये युनेस्कोने हा सेगा अमूर्त वारशात घेतला. (भोजपुरी लोकांचं लग्नातलं गीत-गवई त्या यादीत दोन वर्षांनी आलं. बघा, इथेही खोल्या मोजल्याच.)

हॉटेलात बुफेबरोबर जो सेगा दाखवतात तो वेगळा, घेरदार रंगीत झगे आणि हसरे चेहरे. मीच पहिल्या वर्षी माइकवरून “हे यांचं कोळीनृत्य” म्हणून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. आमचा क्रेओल ड्रायव्हर काही बोलला नाही, पण पुढच्या रविवारी त्याने स्वतःहून गाडी किनाऱ्यावर वळवली आणि नुसतं म्हणाला, “हे बघा.” तो जो डफ शेकताना मी बघितला, त्यानंतर माइकवर तुलना करणं सोडलं.

गंगा तलाव बघाच, सासू-सासऱ्यांसाठी तरी. डोंगरातलं जुनं ज्वालामुखीचं विवर, आता तळं. काठावर ३३ मीटरचे शंकर, समोर तेवढीच दुर्गा. मूर्ती मला फारशा भावत नाहीत, धुकं भावतं. पण जागेचा जीव महाशिवरात्रीला दिसतो, बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन दिवसदिवस चालत येतात आणि वाटेवर पाणी-सरबत द्यायला हिंदू नसलेलेही उभे असतात. त्याची जोडी म्हणजे पोर्ट लुईजवळ सेंत क्र्वामधली फादर लावाल यांची समाधी. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांत काम केलेला हा फ्रेंच धर्मगुरू १८६४ मध्ये वारला. दर ९ सप्टेंबरला रात्रभर चालत लोक तिथे येतात, त्यांत साड्या नेसलेल्या, कुंकू लावलेल्या बायकाही असतात. एरवीही कधी जा, दहा मिनिटं मागच्या बाकावर बसा आणि कोण कोण येतं ते बघा. आमच्या वारीला जी माणसं जातात त्यांना ते बरोबर कळतं.

कुणी म्हणेल, हे सगळं फारच गोड झालं. मग हेही ऐका. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा लोकप्रिय क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटलं. क्रेओल समाजाला वाटतं की नोकऱ्या आणि सत्ता दुसऱ्यांकडे गेली, आणि ते ड्रायव्हरशी चार दिवस नीट वागलात तर तो स्वतः सांगेल. निवडणुकीत उभं राहताना उमेदवाराला आपला समाज लिहून द्यावा लागतो, कमी पडलेल्या समाजांना जादा आठ जागांतून वाटा मिळावा म्हणून. त्यावरही तिथे वाद आहे. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये आग्नेय किनाऱ्यावर जहाज फुटून तेल पसरलं, तेव्हा हीच सगळी माणसं उसाचं पाचट कापडी पिशव्यांत कोंबून तेल अडवायला रांगेने बसली होती. मला दोन्ही खरं वाटतं.

खाण्याची काळजी तुम्ही विचारली नाही, पण सासू-सासरे शाकाहारी असतील तर ती असणारच. तिन्ही वेळा हॉटेलातच जेवायचं पॅकेज घेऊ नका. नाश्ता आणि रात्रीचं घ्या, दुपार मोकळी ठेवा, नाहीतर वैविध्य जिथे सगळ्यात सोपं सापडतं तेच बंद होईल. दालपुरी रस्त्यावर, गाडीवर मिळते. वाटलेल्या पिवळ्या वाटाण्याची डाळ भरून लाटलेली, पातळ, मऊ. सासूबाईंना दिसताक्षणी पुरणपोळी आठवेल, पण ती गोड नाही. आत मोठ्या पांढऱ्या वालांची उसळ, रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा, कोथिंबिरीची चटणी, सगळं कागदात गुंडाळून. नेहमी जोडीने विकतात, एक मागू नका, विक्रेता गोंधळतो. भारतीय मजुराची ही पोळी आज मॉरिशसचं राष्ट्रीय खाणं आहे, चिनी आजोबाही त्याच रांगेत असतात. गातो पिमां म्हणजे आपला डाळवडाच, तो सकाळी पावात लोणी लावून खातात. पोर्ट लुईच्या मंडईत आलूदा प्या, सब्जा घातलेला, फालुद्याचा धाकटा भाऊ. तमिळ लग्नातलं ‘सेत कारी’, केळीच्या पानावर सात भाज्या, काही उपाहारगृहांतही मिळतं. चिनी गाड्यांवर मात्र शाकाहारी नूडल्सही त्याच कढईत होतात, तिथे सासू-सासऱ्यांना नेऊ नका, तुम्ही जा.

उरलेलं थोडक्यात. मुंबईहून साधारण सहा तासांचं विमान, घड्याळ दीड तास मागे, भारतीय पासपोर्टला आगाऊ व्हिसा लागत नाही. डिसेंबरचा शेवट उकाड्याचा आणि महाग, जानेवारी ते मार्च वादळांचे. शाळा परवानगी देत असेल तर दिवाळीची सुट्टी धरा, तिथेही दिवाळीला सुट्टीच असते. पूर्वेकडे वारा फार, ज्येष्ठ बरोबर असतील तर पश्चिमेला किंवा उत्तरेला राहा. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आहे म्हणून एका दिवसात तीन टोकं करू नका, वाहतूक अडकते. पोर्ट लुई आठवड्याच्या मधल्या दिवशी करा: सकाळी मंडई, मग चायना टाउन आणि तिथेच उभी असलेली जुम्मा मशीद, दुपारी घाट. शुक्रवारी दुपारी मशिदीत प्रवेशाची अपेक्षा ठेवू नका. मुलीला नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात डोडो दाखवा, नाहीतर ती तुम्हाला माफ करणार नाही.

बेटाची बोट एक दिवस ठेवा, तिची मजा आहेच. पाण्याखाली चालणं माझ्या मते वगळा, त्या पैशात एक दिवसाची गाडी जास्त मिळते. तारखा ठरवताना आधी कॅलेंडरात रविवार कुठे येतो ते बघा आणि विमान त्या हिशेबाने निवडा. येण्याचा किंवा जाण्याचा दिवस रविवारी पडू देऊ नका.